चार आण्याचं वजन

धोटेबाईंची खुर्ची कायम भिंतीकडे तोंड करून असायची. सौसरच्या आमच्या कन्या शाळेत गाण्याचा तास एका लांबट खोलीत होई. भिंतीला लागून टेबल, टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, त्याच्यासमोर बाई, आणि बाईंच्या पाठीमागे सतरंजीवर बसलेल्या मुली. मुलींनी गायचं ते बाईंच्या पाठीकडे पाहत. नव्या माणसाला हे विचित्र वाटे, तसं मलाही वाटलं. मी गणिताची मास्तरीण. फळ्याकडे वळलं की पाठीमागे काय शिजतंय या धास्तीनं माझा अर्धा जीव जायचा. न राहवून मी एकदा विचारलंच. बाई म्हणाल्या, "तोंड पाह्यलं की दया येते. दया आली की सूर ऐकू येत नाही."

माझं घर पांढुर्ण्याला. नोकरी सौसरला लागली म्हणून बाईंच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती आणि शनिवारी शाळा सुटली की बस धरून मी घरी पळायची. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही अशी की इकडे भांडं पडलं तर तिकडची मांजर उठावी. बाईंचं माहेर कुठलं, लग्न झालं होतं की मोडलं होतं, यातलं मला नीटसं काही कधी कळलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. मला माहीत होत्या त्या त्यांच्या सवयी. माझ्या कुकरच्या शिट्ट्या त्या भिंतीपलीकडून ऐकायच्या आणि माझं लक्ष नसलं की ओरडायच्या, "उतरवा आता, वरणाचं पिठलं होऊन राहिलं." पहिले काही महिने मला याचा राग आला. नंतर मी त्यांच्या भरवशावरच वरण लावू लागले.

कान हीच त्यांची इस्टेट होती आणि सगळ्या गावाला ती ठाऊक होती. एकदा आमच्या गल्लीत लग्न होतं. लाऊडस्पीकरवाल्यानं सकाळपासून रेकॉर्ड लावून उच्छाद मांडला होता, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, लग्नघर म्हटलं की ते आलंच. बाई मात्र दोन-तीनदा दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि शेवटी चपला घालून सरळ मांडवात गेल्या. मला वाटलं, आवाज कमी करायला सांगतील. त्यांनी त्या माणसाला सांगितलं की तुझं मशीन हळू फिरून राहिलं, गाणं खाली उतरलं. तो हसला. वऱ्हाडी हसले. बाईंनी त्याला झाकण उघडायला लावलं. आतला रबरी पट्टा तेलकट होऊन घसरत होता. त्यानं तो पुसून बसवल्यावर गाणं जे उसळून वर आलं, ते ऐकून नवरदेवाचा बापसुद्धा "अरे वा" म्हणाला. बाई न जेवता घरी आल्या आणि शांतपणे भाजी निवडायला बसल्या.

त्यांची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. पेटीवर त्यांचा विश्वास नव्हता. गाणं तबकडीवरून शिकायचं. एक ओळ वाजली की बाई सुईचा दांडा उचलत, मुली ती ओळ म्हणत, चुकल्या की "पुन्हा" म्हणून बाई सुई नेमकी त्याच ओळीच्या सुरुवातीला ठेवत. तबकडीच्या काळ्या चकाकीत ओळ कुठे सुरू होते हे त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. एका तासात ती सुई किती वेळा उचलली आणि टेकवली जाई, याचा हिशेब मी गणिताची असूनही कधी केला नाही. त्या काळात कॅसेटी आल्या होत्या. पानठेल्यावरही टेप वाजू लागला होता, आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शाळेसाठी टेप घ्यायचं म्हणत होत्या. धोटेबाईंनी साफ नकार दिला. टेप मागे नेला तर ओळ सापडत नाही, कुठल्या तरी शब्दाच्या पोटात जाऊन थांबतो, हे त्यांचं कारण होतं आणि त्यात खोट नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत. डागडुजीचा त्यांना तिटकारा होता. कपाचा कान उडाला की कप उकिरड्यावर. छत्रीची काडी वाकली की छत्री मोलकरणीला. मी फाटक्या चपलेला टाका घालून आणला तर त्या अशा बघत की मीच तिथे टाका घातलेली उभी आहे. "बिघडलं ते बिघडलं. जोडून जाडून काय ठेवायचं," असं त्या म्हणत. मुलींच्या बाबतीतही हाच न्याय. जी समूहात मिसळत नाही ती बाहेर. रडून उपयोग नाही, आईला घेऊन येऊन तर मुळीच नाही. मुली त्यांना घाबरत आणि तरीही गाण्याच्या तासाला गैरहजर राहत नसत, याचं मला नवल वाटे.

अशा या बाई एका कार्ट्रिजपाशी अडल्या. रेकॉर्ड प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला जो बोटाच्या पेराएवढा तुकडा असतो, ज्याच्या खाली सुई असते, ते हे कार्ट्रिज. ते दुरुस्त करायचं की बदलायचं, एवढाच प्रश्न होता. पण त्या प्रश्नापायी लोधीखेड्याच्या मंदा नावाच्या मुलीचं गाणं सुटलं, आणि बाईंची आठवण आली की मला आधी तेच आठवतं.

सुरुवात साधी झाली. बाई म्हणाल्या, आवाज दबला. सुई हजारदा आपटल्यावर दबणारच, माझ्याच हातानं खराब झालं. शनिवारी मी पांढुर्ण्याला निघाले तेव्हा त्यांनी कार्ट्रिज काढून, कापसात गुंडाळून, काडेपेटीत घालून माझ्या हातात दिलं. पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर वासुदेवभाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नवीन का नाही घेत, असं मी बाईंना विचारलं होतं, कारण तसं करणं हा त्यांचा स्वभाव. पण त्यांच्या प्लेअरला बसणारं कार्ट्रिज आता बाजारात येईनासं झालं होतं. पहिल्यांदाच डागडुजीशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं, आणि त्याचा राग त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता.

वासुदेवभाऊंनी भिंग लावून पाहिलं, सुई झिजली म्हणाले, नवी सुई बसवून दिली. सोमवारी बाईंनी लावून ऐकलं. आवाज दबलेलाच. पुढल्या शनिवारी काडेपेटी पुन्हा माझ्या पर्समध्ये. या वेळी वासुदेवभाऊंनी ते दुकानातल्या मशीनला लावलं, डोळे मिटून गाणं पुरं ऐकलं, आणि म्हणाले, "म्याडम, याच्यात काई खराबी नाई. बाईले विचारा, कोनता आवाज दबते? सगळाच, का वरचा वरचा?"

मी बाईंना विचारलं. त्या चिडून म्हणाल्या की तबला आहे, गाणारणीचा आवाज आहे, बासरी गेली. गाण्यातली बासरी कोण चोरून नेतं, हे त्या मेकॅनिकला विचारा. मी काय विचारणार. त्याच सुमारास माझं वरण एकदा करपलं, मग दुसऱ्यांदा करपलं, आणि भिंतीपलीकडून कोणी ओरडलं नाही. मला वाटलं, बाई निवळल्या.

मग बाईंनीच उपाय काढला. लग्नातले लाऊडस्पीकरवाले करतात तसा चार आण्याचा शिक्का, म्हणजे नाणं, त्यांनी दांड्याच्या टोकावर, बरोबर कार्ट्रिजच्या डोक्यावर, चिकटवला. सुई उडू नये म्हणून ते लोक हे करतात. वजनानं सुई तबकडीत खोल घुसली आणि आवाज भरभक्कम यायला लागला. बाई खूष झाल्या. इतकं शिकलेला मेकॅनिक, आणि चार आण्याचं काम त्याला सुचलं नाही, असं मला ऐकवून झालं. पण सुईला ते वजन झेपणारं नव्हतं. काही दिवसांत सुई धरणारी बारीक काडी वाकली, आणि गाण्यात एक खरखर शिरली. मग खरखर वाढली. कढईत फुटाणे तडतडावे तसं गाणं वाजू लागलं. तबकड्यांवर राखाडी पट्टे उमटले. मुली एकमेकींकडे बघत, पण बोलायची छाती कोणाची नव्हती. बाईंना मात्र आवाज आवडत होता. शेजारच्या वर्गात मी समीकरणं शिकवताना ती खरखर ऐके आणि मनात म्हणे, ज्या बाईला मांडवातला पट्टा घसरलेला कळला, तिला हे कसं चालतं.

छिंदवाड्याला शाळांच्या समूहगानाची स्पर्धा जवळ आली आणि बाईंनी मुली निवडायला घेतल्या. मंदा अकरावीत होती. लोधीखेड्याहून रोज छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेज रेल्वेनं, यायची. वडिलांचा संत्र्याचा बगीचा, घरात शिकलेलं कोणी नाही, आणि पोरीला इतक्या लांब कशाला पाठवता म्हणणारे नातेवाईक भरपूर. ती येत होती ती गाण्यासाठी, हे ती लपवतही नसे. गणितात तिला जेमतेम काठावरचे मार्क पडायचे आणि ती मला तोंडावर सांगायची की बाई, पास पुरते द्या, मला गाण्याचं पाहायचंय. तिचा आवाज बारीक, उंच आणि स्वच्छ होता. मला गाण्यातलं कळत नाही, पण ती वर जाऊन थांबली की मी हातातला खडू खाली ठेवायची.

त्या दिवशी मी गाण्याच्या खोलीत वह्या तपासत बसले होते, कारण शिक्षकांच्या खोलीतला पंखा बंद होता. बाई नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून. एकेका मुलीनं उठून वरची ओळ म्हणायची. मंदाची पाळी आली. तिनं म्हटली. बाई काही बोलल्या नाहीत. मंदा वाट बघत उभी राहिली. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "म्हण ना."

खोलीत सगळ्या मुलींच्या माना वळल्या. मंदानं पुन्हा म्हटली. बाई म्हणाल्या की तोंडातल्या तोंडात काय पुटपुटून राहिली, नीट म्हण. मंदानं तिसऱ्यांदा म्हटली, आणि या वेळी तिचा आवाज शेवटाला कापला. बाईंनी मान हलवली आणि शोभाला, म्हणजे वर्गाच्या मॉनिटरला, सांगितलं की हिचं नाव काढ, हिच्याजवळ आवाज नाही, उगाच गर्दी नको. मुलींना वाटलं, बाई टोमणा मारून राहिल्या. "म्हण ना" हाही त्यांचा एक नवा छळ असेल, असं मलाही वाटलं. मंदा दप्तर उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं कळलं की बापानं शाळा सोडवली. गाण्यासाठी जात होती, गाणं नाही म्हणतात तर गाडीभाडं कशाला, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या जागेवरून ते बरोबर होतं.

याच सुमारास वासुदेवभाऊ स्वतः सौसरला आले. नागपूरहून त्यांनी बाईंच्या मशीनला बसेल असं एक नवं कार्ट्रिज खटपट करून मिळवलं होतं. शनिवारची दुपार, शाळा सुटलेली, पण समूहातल्या मुली सरावाला थांबलेल्या. त्यांनी जुनं कार्ट्रिज पाहिलं, त्याच्यावरचा शिक्का पाहिला, आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, हे आता दुरुस्त करण्यात अर्थ नाही, हे रेकॉर्ड खाऊन राहिलं, बदला. बाई बदलायला तयार होईनात. नवीन येतं ते सगळं हलकं, जुन्याची काडी सरळ करून द्या. मला हसू आलं. आयुष्यभर कप आणि छत्र्या फेकणारी बाई दुरुस्तीच्या बाजूनं भांडत होती आणि दुरुस्तीवर पोट असलेला माणूस फेका म्हणत होता.

शेवटी वासुदेवभाऊ म्हणाले, दोन्ही लावून दाखवतो, तुम्हीच ठरवा. बाईंना ते पटलं. त्यांनीच अट घातली की कोणतं लावलं ते मला दिसू नये. म्हणून मशीन उचलून खोलीच्या मधोमध, मुलींच्या घोळक्यात ठेवलं, आणि बाई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसल्या.

पहिलं वाजलं. मुली एकदम ताठ झाल्या. त्या गाण्यात इतकी बासरी आहे हे त्यातल्या कितीतरी जणींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. शोभानं शेजारणीचा हात धरला. मग वासुदेवभाऊंनी दांडा उचलला, कार्ट्रिज बदललं, शिक्का ठेवला, आणि तेच गाणं पुन्हा लावलं. फुटाणे तडतडू लागले.

"दुसरं," बाई लगेच म्हणाल्या. "दुसरंच चांगलं. पहिल्यात बासरीच नाही."

वासुदेवभाऊंच्या हातातला पेचकस तसाच राहिला. उत्तर आलं नाही म्हणून बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि तरीही कोणी बोललं नाही तेव्हा त्या खुर्चीतच मागे वळल्या. त्या खोलीत मी त्यांना मुलींकडे तोंड केलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. एका धाकट्या मुलीनं तोंडावर हात दाबून धरला होता.

"दुसरं म्हणजे कोणतं?" बाईंनी विचारलं.

"जुनं, बाई," वासुदेवभाऊ म्हणाले. त्यांना ते म्हणताना फार जड गेलं.

"चार आण्यासकट?"

"हाव."

बाईंनी मुलींना विचारलं, पहिल्यात बासरी होती का. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शोभा खाली बघून म्हणाली की होती, सुरुवातीपासून होती. मला वाटलं, आता बाई रागावतील, निदान वासुदेवभाऊंना दोन शब्द सुनावतील. त्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं. मग त्यांनी जे विचारलं, ते आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

"त्या दिवशी मंदानं म्हटलं होतं का?"

शोभाला रडू फुटलं. "म्हटलं होतं, बाई. तिन्ही वेळा म्हटलं होतं."

बाईंनी मुलींना घरी जायला सांगितलं. वासुदेवभाऊंना म्हणाल्या, नवं बसवून द्या. जुन्याचं काय करू असं त्यांनी विचारलं तर म्हणाल्या, असू द्या इथंच. चार आण्याचा शिक्का त्यांनी स्वतः उचलून पदराच्या गाठीला बांधला. त्या दिवशी माझी पांढुर्ण्याची बस चुकली, आणि चुकली ते बरंच झालं, कारण त्या संध्याकाळी बाईंना एकटं सोडून जाणं मला जमलं नसतं. त्या रडल्या नाहीत. माझ्या खोलीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, कुकर लावा. मी लावला. त्या भिंतीला पाठ टेकून कुकरकडे टक लावून बघत राहिल्या. शिट्टी झाली. त्यांनी वाफ पाहिली आणि मला विचारलं, "वाजली?" मी हो म्हटलं. पुढच्या शिट्ट्या मोजायला मी विसरले आणि वरण त्या दिवशीही करपलं.

रविवारी सकाळी आम्ही छोट्या गाडीनं लोधीखेड्याला गेलो. बाईंनी मला सोबत का नेलं हे मला गाडीत कळलं. तिकीटवाला काय बोलला ते त्यांना कळत नव्हतं आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हे किती दिवसांपासून चाललं होतं कोण जाणे. माणसं समोरून बोलत, त्यामुळे निभावत असे. गाण्याच्या तासाला मात्र त्या भिंतीकडे तोंड करून बसत, आणि तिथे त्यांना आधार द्यायला मुलींची तोंडं नव्हती.

मंदाच्या घरी अंगणात संत्र्यांचे ढीग पडले होते. घरची सगळी माणसं निवडायला बसली होती, मोठी इकडे, लहान तिकडे, डागी वेगळी. बाईंना पाहून मंदाची आई उठली, पाणी आणलं, बाज टाकली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी उभ्यानंच, सगळ्यांच्या देखत, मंदाच्या वडिलांना सांगितलं की मी तुमच्या मुलीवर अन्याय केला. तिनं म्हटलं होतं, मलाच ऐकू आलं नाही. माझे कान खराब झाले आणि मी तिचा आवाज खराब ठरवला. तिला शाळेत पाठवा, समूहात ती पहिल्या रांगेत उभी राहील. बाई एवढं सलग बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. वडील अवघडून गेले. जाऊ द्या बाई, झालं ते झालं, असं काहीतरी म्हणू लागले. मंदा संत्री निवडत होती, तिनं मान वर केली नव्हती. बाई तिच्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या.

"मंदा, तुझा आवाज चांगला आहे."

मंदानं हातातलं संत्रं ढिगावर ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. "तुमाले तं ऐकूच नाई आला," ती म्हणाली. "मंग चांगला आहे हे तुमाले कसं समजलं?"

आई तिच्यावर खेकसली. मंदा उर्मटपणे बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिकवणारी एकच व्यक्ती, तिनं आवाज नाही म्हटलं तेही न ऐकता, आणि आहे म्हटलं तेही न ऐकता. मला त्या मुलीचा राग आला नाही. बाईंनी खोटं उत्तर दिलं नाही. त्या उठल्या. निघताना मंदाच्या आईनं पिशवीभर संत्री दिली. परतीच्या गाडीत ती पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये होती आणि बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

सोमवारी त्यांनी मोठ्या बाईंकडे जाऊन गाण्याचा तास सोडला. कारण स्वच्छ सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, असं कोणाला सांगायचं नसतं, रिटायर होईपर्यंत ढकला, मुली काय आपल्या आपण गातात. धोटेबाईंनी ऐकलं नाही, या वेळी ऐकू येऊनही. गाण्याच्या जोडीला त्या मराठी शिकवत असत, आता नुसतं तेवढंच शिकवू लागल्या, मुलींकडे तोंड करून. स्पर्धेला त्या वर्षी आमची शाळा गेली नाही. पुढच्या वर्षी शाळेत टेप आला आणि गाण्याला एक नवीन बाई आल्या.

रेकॉर्ड प्लेअर बाईंचा स्वतःचा होता, तो त्यांनी घरी आणला. कार्ट्रिजचा निकाल त्यांनी असा लावला की दोन्ही ठेवली. स्वतः ऐकायचं तेव्हा जुनं, वाकड्या सुईचं, त्यावर चार आणे. कोणी दुसरं ऐकणारं आलं तर नवं. वासुदेवभाऊंनी माझ्याकडून निरोप धाडला की बाईले सांगा, जुनं लावू नका, रेकॉर्डी खलास होतील. बाईंनी तबकड्यांचे दोन ढीग केले. एका ढिगाला जुनी सुई कधीच लावायची नाही. दुसरा ढीग त्यांच्यासाठी. "माझ्या कानाबरोबर त्याही संपतील," त्या म्हणाल्या. "मुलींच्या वेगळ्या ठेवल्या आहेत." कोणत्या मुली, हे मी विचारलं नाही. घरी कोणीच मुली येत नव्हत्या. भिंतीपलीकडून ती खरखर मी रोज ऐकली, आणि खरं सांगायचं तर मला तिचा फार त्रास झाला. दर वेळी त्यातली एखादी तबकडी थोडी मरत होती आणि मरताना ऐकू येत होती.

मग माझी बदली पांढुर्ण्यालाच झाली. सौसरला जाणं सुटलं. बाई निवृत्त झाल्याचं कळलं, पण त्या त्याच खोलीत राहत होत्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी घरची सगळी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला निघाली, तेव्हा मी त्यांना पुढे पाठवून मध्येच सौसरला उतरले. गल्लीत शिरताना कान देऊन चालत होते. खरखर ऐकू आली नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना.

दार उघडंच होतं. खोलीत टेबल भिंतीला लागून तसंच, त्यावर मशीन. बाजूला बशीत जुनं कार्ट्रिज आणि त्याच्याजवळ चार आण्याचा शिक्का काढून ठेवलेला. दांड्याला नवं होतं. बाईंची खुर्ची भिंतीकडे पाठ करून होती, आणि समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, एक तरुण बाई बसली होती. कपाळाला मोठं कुंकू, शेजारी भाजीची पिशवी. मी ओळखलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहून हात हलवला, बस म्हणाल्या, आणि माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न वाचून म्हणाल्या, "मंदा आहे. इथंच दिली तिला. बाजाराला येते, मंग येते."

ती कशी आली, कोणी आणली, त्या दोघींत काय बोलणं झालं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. लोधीखेड्याच्या अंगणातल्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं का, तेही मला माहीत नाही. मंदानं सुई उचलून तबकडीवर ठेवली. ओळ वाजली, स्वच्छ, बासरीसकट. तिनं दांडा उचलला आणि जुन्या सवयीनं बाईंच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहत म्हणायला सुरुवात केली. बाईंनी तिची हनुवटी बोटानं धरून आपल्याकडे वळवली.

मंदानं पहिल्यापासून म्हटली. तीच ओळ होती, त्या दिवसाची, उंच जाऊन थांबणारी. आवाज थोडा जाड झाला होता, पण वर पोचला. बाई डोळे उघडे ठेवून तिच्या ओठांकडे, मग गळ्याकडे, मग पुन्हा ओठांकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्याही चेहऱ्यावर होतं आणि मंदाच्याही. मंदानं ओळ संपवली, ओठ मिटले, आणि बघत राहिली.

"म्हटलं तू," बाई म्हणाल्या. "मी पाह्यलं."